खुणेवरून घटक शोधताना

वीजबिल भरण्याचं एखादं ऑनलाइन दालन डोळ्यांसमोर आणावं. तिथे बिल कार्डाने भरता येतं, नेटबँकिंगने भरता येतं, यूपीआयनेही भरता येतं. जावात लिहिलेल्या या प्रणालीत प्रत्येक मार्गासाठी एकेक क्लास आहे. प्रत्येक क्लासच्या डोक्यावर '@देयकमार्ग' अशी खूण, म्हणजे प्रोग्रॅमरने स्वतः घडवलेलं अ‍ॅनोटेशन, लावलेली आहे. उद्या वॉलेटचा चौथा मार्ग आला की प्रोग्रॅमर चौथा क्लास लिहितो, त्यावर तीच खूण लावतो आणि मोकळा होतो. बाकी एकाही फाइलीला हात लावावा लागत नाही. सर्व्हर सुरू होताना फ्रेमवर्क खुणेचे क्लास हुडकून काढतं, त्यांचे ऑब्जेक्ट बनवतं आणि यादीत चार मार्ग दिसू लागतात. जावात ओळखनामं देवनागरीतही लिहिता येतात, त्यामुळे ही खूण कंपायलरला जशीच्या तशी चालते.

हाच प्रसंग थोडा बदलून पाहावा. चौथा क्लास लिहिला, पण खूण लावायची राहून गेली. कंपायलर हूं की चूं करत नाही. सर्व्हर बिनतक्रार सुरू होतो. लॉगमध्ये एकही लाल ओळ उमटत नाही. फक्त ग्राहकाला वॉलेटचं बटण दिसत नाही, आणि ते का दिसत नाही हे शोधण्यात कुणाची तरी अख्खी दुपार जाते.

डिपेंडन्सी इंजेक्शनच्या फ्रेमवर्कमध्ये स्वतःच्या अ‍ॅनोटेशनवरून घटक शोधणं आज इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे किती निर्णय दडलेत याकडे सहसा लक्ष जात नाही. खुणेची नोंद कोण घेतं, केव्हा घेतं आणि नोंद हुकली तर आवाज होतो का? स्प्रिंगने या प्रश्नांना एक उत्तर दिलं, सीडीआय या मानकाने दुसरं. गूगलच्या ज्यूसने असा शोध घ्यायलाच नकार दिला. डॅगर, मायक्रोनॉट आणि क्वार्कस यांनी शोधाची वेळच बदलली. तिन्ही प्रश्नांपैकी शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि आजवर तोच सगळ्यांत दुर्लक्षित राहिला आहे.

सुरुवातीला खूण नव्हतीच. रॉड जॉन्सन यांचं जे२ईईवरचं पुस्तक २००२ मध्ये आलं. त्यासोबतच्या तीस हजारांहून अधिक ओळींच्या कोडमधून स्प्रिंग उभं राहिलं आणि मार्च २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती बाहेर पडली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ झालं. कल्पना सरळ होती. एका क्लासला दुसऱ्याची गरज असेल तर त्याने तो स्वतः तयार करू नये, कंटेनरने तयार करून त्याच्या हाती द्यावा. पण काय काय तयार करायचं हे कंटेनरला सांगायचं कुणी? स्प्रिंगच्या पहिल्या पिढीत ते एक्सएमएल फाइलीत लिहावं लागे. प्रत्येक क्लासचं नाव, पॅकेजच्या लांबलचक पत्त्यासकट, एकदा कोडमध्ये आणि एकदा एक्सएमएलमध्ये. क्लासचं नाव बदललं आणि एक्सएमएलमध्ये बदलायचं राहिलं, तर सर्व्हर सुरू होताहोताच आपटत असे. लोक या फाइलींना विटले ते काही उगाच नाही. तरी त्या पद्धतीची एक जमेची बाजू मान्य करायला हवी. प्रणालीत काय काय आहे हे एका जागी वाचता येत असे, आणि चूक झाली की ती बोंब ठोकून सांगितली जात असे.

खुणेची खरी ताकद आधी दिसली ती चाचण्यांच्या जगात. ज्युनिटच्या तिसऱ्या आवृत्तीत ज्या मेथडचं नाव 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू होईल तीच चाचणी मानली जाई. घाईत त्या अक्षरांची अदलाबदल झाली की ती चाचणी कधी चालतच नसे, आणि ती चालली नाही हे कळायलाही मार्ग नसे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २००२ पासून 'अ‍ॅट्रिब्यूट' नावाच्या खुणा होत्या आणि एनयुनिटने चाचण्या ओळखायला त्या वापरल्या. जावात अ‍ॅनोटेशन आलं ते सप्टेंबर २००४ मध्ये, जावा ५ बरोबर. २००६ मध्ये ज्युनिटच्या चौथ्या आवृत्तीने नावाचा नियम सोडून '@टेस्ट' ही खूण स्वीकारली. आता खुणेचं स्पेलिंग चुकलं तर कोड कंपाइलच होत नाही. एक मोठी गळती बुजली. पण अर्धीच. चुकीची लिहिलेली खूण कंपायलर पकडतो. लिहायची राहून गेलेली खूण त्याला दिसणार कशी?

स्प्रिंगमध्ये हा बदल रुजला तो नोव्हेंबर २००७ च्या २.५ आवृत्तीत. '@कंपोनंट', '@सर्व्हिस', '@कंट्रोलर', '@ऑटोवायर्ड' या खुणा आल्या आणि त्यांच्याबरोबर कंपोनंट स्कॅन आलं. पॅकेजचं नाव सांगावं, आतल्या खुणेच्या क्लासांचा शोध कंटेनर घेईल. '@सर्व्हिस' ही वेगळी जात नाहीच. तिच्या व्याख्येवर '@कंपोनंट' लावलेलं आहे, एवढंच. म्हणजे खुणेवर खूण. हाच रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. '@देयकमार्ग' घडवताना तिच्या व्याख्येवर '@कंपोनंट' लावलं की ती लावलेला प्रत्येक क्लास आपोआप बीन, म्हणजे कंटेनरने सांभाळायचा घटक, होतो. ४.२ आवृत्तीत '@एलियासफॉर' आलं आणि वरच्या खुणेला दिलेली माहिती आतल्या खुणेपर्यंत नीट पोचवता येऊ लागली. स्प्रिंग बूटमधली '@स्प्रिंगबूटअ‍ॅप्लिकेशन' ही प्रसिद्ध खूण याच तंत्राने बांधलेली आहे. ती वेगवेगळ्या खुणांची मोळी आहे.

कंपोनंट स्कॅन आतून कसं चालतं हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडतं. पॅकेजच्या नावातले बिंदू तिरक्या रेघांमध्ये बदलून स्प्रिंग त्याचा फोल्डरचा पत्ता बनवतं आणि क्लासपाथवरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये आणि जार फाइलीत त्या पत्त्याखालच्या सगळ्या क्लास फाइली गोळा करतं. हे क्लास जावा यंत्रात लोड मात्र केले जात नाहीत. एएसएम नावाच्या लायब्ररीच्या मदतीने स्प्रिंग फाइलीचे नुसते बाइट वाचतं. पहिल्या चार बाइटांत जावाची ओळख सांगणारी ठरीव सही असते. मग आवृत्तीचा आकडा, मग स्थिरांकांचा साठा, आणि पुढे कुठेतरी क्लासवर लावलेल्या खुणांची यादी. त्या यादीत हवी ती खूण दिसली तर हा क्लास उमेदवार, नाहीतर पुढची फाइल. इतका उपद्व्याप करण्याला कारण आहे. लोड करताना क्लास आपले पूर्वजही ओढून आणतो आणि त्यातला एखादा जागेवर नसेल तर सगळंच कोसळतं. नुसते बाइट वाचले तर त्या भानगडी टळतात, आणि नको असलेल्या शेकडो क्लासांचं ओझंही मेमरीवर पडत नाही.

बाइट वाचण्याची ही हुशारी कधीकधी अंगाशीही येते. जावाच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर क्लास फाइलीतला आवृत्तीचा आकडा वाढतो. जावा ८ चा ५२, जावा १७ चा ६१. जुन्या स्प्रिंगवर चालणारी प्रणाली जावा १७ वर नेली की 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१' हा संदेश हमखास भेटतो, कारण आत बसवलेल्या जुन्या एएसएमला ६१ हा आकडा ठाऊकच नसतो. मनस्ताप होतो, पण निदान तो आरडाओरडा करून होतो.

मुकाट चुका त्याहून वाईट, आणि त्यांची पहिली जागा खुणेच्या व्याख्येतच आहे. अ‍ॅनोटेशन किती काळ टिकवायचं हे जावात सांगावं लागतं. ते फक्त सोर्स कोडपुरतं ठेवता येतं, क्लास फाइलीपर्यंत ठेवता येतं किंवा प्रोग्रॅम चालू असतानाही वाचता येईल असं ठेवता येतं. काहीच सांगितलं नाही तर जावा मधला पर्याय धरते. खूण फाइलीत उतरते, पण चालू प्रोग्रॅमने रिफ्लेक्शनने विचारलं तर 'अशी खूण नाही' हेच उत्तर मिळतं. आपल्या डोळ्यांना ती कोडमध्ये ढळढळीत दिसत असते आणि प्रोग्रॅमला दिसत नसते. कॉटलिन घडवणाऱ्यांनी न सांगता धरायचा पर्याय बदलून चालू प्रोग्रॅमला वाचता येईल असा ठेवला. जावाने तेव्हाच हे केलं असतं तर कितीतरी लोकांचे तास वाचले असते.

दुसरी जागा शोधाच्या हद्दीची. स्प्रिंग बूट मुख्य क्लास ज्या पॅकेजमध्ये असेल तिथून खाली शोधतं. वॉलेटचा क्लास शेजारच्या, स्वतंत्र पॅकेजात ठेवला तर खूण असूनही तो हद्दीबाहेर राहतो. उलट मुख्य क्लासला पॅकेजच दिलं नाही तर हद्दच उरत नाही आणि क्लासपाथवरच्या प्रत्येक जारमधला प्रत्येक क्लास वाचायला घेतला जातो. यावर मात्र स्प्रिंग बूट स्पष्ट इशारा देतं.

तिसरी जागा इंटरफेसची. कुणी हौसेने आपली खूण इंटरफेसवर लावतो, स्प्रिंगचा शोधक त्याच पॅकेजवर सोडतो आणि हाती रिकामा संच येतो. शोधक बिघडलेला नसतो. ज्याचा ऑब्जेक्ट बनू शकतो तोच उमेदवार, असा त्याचा नियम आहे, आणि इंटरफेसचा ऑब्जेक्ट बनत नाही. मायबॅटिसचे मॅपर, स्प्रिंग डेटाच्या रिपॉझिटरी, फेनचे क्लायंट हे सगळे इंटरफेसच असतात. ते सापडतात, कारण त्या लायब्ररींनी शोधकातला हा नियम स्वतःपुरता बदलून घेतला आहे आणि सापडलेल्या प्रत्येक इंटरफेसमागे उभा राहील असा प्रॉक्सी तयार करण्याची सोयही केली आहे.

इथवर झालं ते बीन होण्यापूर्वीचं. बरेचदा गरज वेगळी असते. बीन तर झाले, आता कंटेनरलाच विचारायचंय की यांतल्या कुणाकुणावर '@देयकमार्ग' आहे? स्प्रिंगच्या ३.० आवृत्तीपासून त्यासाठी 'गेटबीन्सविथअ‍ॅनोटेशन' ही मेथड आहे. खूण सांगा, नावासकट बीन घ्या. सोपी आहे आणि लोकप्रियही. पण ही मेथड बीन परत करते, आणि परत करण्यासाठी तो आधी बनवावा लागतो. कंटेनर अजून उभा राहत असताना, अवेळी ती बोलावली तर बीन वेळेआधी जन्माला येतात आणि त्यांच्यावर व्हायचे संस्कार राहून जातात. ट्रान्झॅक्शनचं आवरण चढत नाही, अंतर्गत तपासण्या होत नाहीत. हा बीन सगळ्या पोस्ट-प्रोसेसरांच्या हाताखालून जाण्यास पात्र नाही, अशा अर्थाची ओळ तेव्हा लॉगमध्ये येते. बहुतेक जण तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, आणि पुढे कधीतरी पैसे वळते झाले पण व्यवहार अर्धवट राहिला असा प्रकार घडतो. फक्त नावं हवी असतील तर बीन न बनवता नावं देणारी जोडमेथड आहे. बीनच हवे असतील तर सगळे सिंगलटन तयार झाल्यावर मिळणारा 'स्मार्टइनिशियलायझिंगसिंगलटन' हा क्षण पकडावा. तो ४.१ पासून उपलब्ध आहे आणि खास अशाच कामांसाठी आहे.

प्रॉक्सीचा घोळ तर प्रत्येक टीममध्ये एकदा तरी होतोच. बीन हातात आला, त्याचा क्लास विचारला, त्या क्लासवर खूण आहे का पाहिलं, उत्तर 'नाही'. काल हेच उत्तर 'आहे' असं होतं. मधल्या काळात कुणीतरी एका मेथडवर '@ट्रान्झॅक्शनल' लावलेलं असतं. ते लावताच स्प्रिंगने मूळ क्लासऐवजी त्याचा धावता धावता बनवलेला उपक्लास हाती ठेवलेला असतो, आणि वर लावलेली खूण उपक्लासकडे आपोआप येत नाही. खुणेच्या व्याख्येत '@इन्हेरिटेड' लिहिलं तर येते, पण फक्त क्लासकडून क्लासकडे. इंटरफेसवरची खूण तरीही येत नाही. म्हणून जावाचा थेट प्रश्न विचारण्याऐवजी स्प्रिंगचं 'फाइंडअ‍ॅनोटेशनऑनबीन' वापरावं. ते प्रॉक्सीमागचा खरा क्लास पाहतं, पूर्वज आणि इंटरफेस धुंडाळतं आणि बीन एखाद्या '@बीन' मेथडने बनवला असेल तर त्या मेथडवरची खूणही विचारात घेतं. खूण शोधण्याचं काम हाताने लिहू नये, असं जाणकार पुन्हा पुन्हा सांगतात ते याचसाठी.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. मुळात खूण हवीच का? चारही देयकमार्ग एकच इंटरफेस पाळत असतील तर स्प्रिंगमध्ये त्या इंटरफेसची यादी मागितली की चारही बीन न शोधता हातात येतात. यादीऐवजी मॅप मागितला तर बीनच्या नावासकट येतात. '@ऑर्डर' लावलं तर क्रमाने येतात. रिफ्लेक्शन लागत नाही, प्रॉक्सीची अडचण येत नाही आणि प्रकार कंपायलर तपासतो. अनेक प्रकल्पांत स्वतःचं अ‍ॅनोटेशन केवळ दिसायला छान म्हणून आणलेलं असतं आणि त्याचं ओझं पुढे वर्षानुवर्षं वाहिलं जातं. खूण तेव्हा हवी, जेव्हा ती काहीतरी सांगते. '@देयकमार्ग' मध्ये मार्गाचा संकेत, मर्यादा, चालू की बंद अशी माहिती भरलेली असेल तर तिला अर्थ आहे. किंवा ज्यांना एकत्र आणायचंय त्यांच्यात सामाईक इंटरफेसच नसेल, तेव्हा. स्प्रिंगमधल्या '@शेड्यूल्ड' किंवा '@इव्हेंटलिसनर' या खुणा मेथडवर लागतात. त्या मेथडींना एका इंटरफेसात कोंबणं अशक्य आहे, म्हणून तिथे खुणेला पर्याय नाही.

खूण निवडीसाठी वापरायची असेल तर दोन्ही गोष्टींचा मेळ घालता येतो. २००९ मध्ये ज्यूसचे बॉब ली आणि स्प्रिंगचे रॉड जॉन्सन यांनी मिळून जेएसआर-३३० हे छोटं मानक आणलं. त्यात '@क्वालिफायर' आहे. आपल्या खुणेवर ते लावलं की इंटरफेसची यादी मागताना त्याच जागी खूणही लिहिता येते आणि कंटेनर तेवढेच बीन देतो. त्याच वर्षीच्या जावा ईई ६ मधल्या सीडीआयने, म्हणजे गॅव्हिन किंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या मानकाने, सगळा डोलारा क्वालिफायरवरच उभा केला. सीडीआयमध्ये क्वालिफायर नसलेल्या मनमानी खुणेवरून बीन मागायला थेट मेथड नाही. सगळे बीन घेऊन चाळावे लागतात किंवा कंटेनर उभा राहताना प्रत्येक क्लास पाहणारं एक्स्टेन्शन लिहावं लागतं. हे गैरसोयीचं वाटतं खरं, पण त्यामागचा आग्रह योग्य आहे. शोधायचंच असेल तर खूण प्रकाराच्या पद्धतीत बसवा, म्हणजे चूक लवकर कळेल. सीडीआयमध्ये हवा असलेला बीन मिळाला नाही किंवा दोन मिळाले तर प्रणाली उभीच राहत नाही.

सीडीआयची स्वतःची कहाणीही शोधाच्या हद्दीचीच आहे. १.० मध्ये जारमध्ये 'बीन्स डॉट एक्सएमएल' ही फाइल, अगदी रिकामी का असेना, असली की त्या जारमधला जवळपास प्रत्येक क्लास बीन मानला जाई. १.१ मध्ये फक्त ठरावीक खुणांचेच क्लास बीन मानायचा पर्याय आला. ४.० मध्ये, २०२२ साली, रिकाम्या फाइलीचा अर्थच बदलून तो पर्याय मूळ नियम झाला. 'सगळं घ्या' इथून 'खूण असेल तेच घ्या' इथवर यायला या मानकाला बारा-तेरा वर्षं लागली.

शोध घेणं फुकट नसतं हे टॉमकॅट वापरणाऱ्यांना आधीच कळलं होतं. सर्व्लेट ३.० ने २००९ मध्ये खुणेवरून सर्व्लेट शोधायची सोय आणली, आणि सर्व्हर सुरू होताना प्रत्येक जार उघडून चाळली जाऊ लागली. टॉमकॅटच्या सेटिंगमध्ये न चाळायच्या जार फाइलींची लांबच लांब यादी आजही असते. अमुक जार टॅग लायब्ररींसाठी चाळल्या पण काहीच मिळालं नाही, यादीत टाकल्या तर वेळ वाचेल, असा सल्लाही तो लॉगमध्ये देतो. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला सुरुवातीचे काही सेकंद जड नव्हते. पण क्लाउडमध्ये छोट्या छोट्या प्रणाली दिवसातून अनेकदा उभ्या-आडव्या होऊ लागल्या आणि तेच सेकंद खुपू लागले.

ज्यूसने हा मार्ग पहिल्यापासून टाळला होता. २००७ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात क्लासपाथ चाळण्याची सोयच नाही. कोण कुणाला मिळणार हे मॉड्यूलमध्ये जावा कोडनेच लिहायचं, आणि अनेकांची यादी हवी असेल तर मल्टिबाइंडर वापरायचा. स्क्वेअर कंपनीने २०१२ मध्ये काढलेलं आणि पुढे गूगलने दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा घडवलेलं डॅगर त्याहून कडक. ते सगळी जोडणी कंपाइल होतानाच तपासतं आणि कोड लिहून टाकतं. डॅगरमध्ये स्वतःची खूण घडवता येते, पण ती मॅपमधली किल्ली म्हणून, शोधाचं साधन म्हणून नाही. वॉलेटचा मार्ग मॉड्यूलमध्ये लिहिला नाही तर तो नाही. अँड्रॉइडच्या जगाने हे का स्वीकारलं ते समजण्यासारखं आहे. फोनवर अ‍ॅप उघडताना क्लासपाथ चाळत बसायला वेळ कुणाला आहे? तरी हाताने याद्या लिहिण्याचा कंटाळा लोकांना आलाच. म्हणून २०२० मध्ये डॅगरवर आधारलेलं हिल्ट आलं आणि '@इन्स्टॉलइन' या खुणेवरून मॉड्यूल गोळा करण्याचं काम, कंपाइल होतानाच, त्याने पुन्हा यंत्राकडे दिलं.

सर्व्हरच्या बाजूला हीच वाट मायक्रोनॉटने २०१८ मध्ये आणि क्वार्कसने २०१९ मध्ये धरली. मायक्रोनॉट खुणांची सगळी माहिती कंपायलर चालू असतानाच गोळा करून तयार क्लासांत लिहून ठेवतं, त्यामुळे सुरू होताना चाळाचाळ नाही आणि खूण वाचायला रिफ्लेक्शनही नाही. क्वार्कस जॅन्डेक्स नावाची अनुक्रमणिका वापरतं. प्रत्येक खूण कुठे कुठे लागली आहे याची सूची बिल्ड होतानाच तयार होते. पीएचपीचं सिम्फनी तर याला कधीचंच सरावलेलं आहे. पीएचपीत प्रत्येक विनंतीला नव्याने सुरुवात होते, म्हणून कंटेनर आधीच कंपाइल करून पीएचपी कोडच्या रूपात ठेवावाच लागतो. २०२१ च्या ५.३ आवृत्तीत सिम्फनीने स्वतःच्या अ‍ॅट्रिब्यूटवरून सेवा गोळा करण्याची सोय दिली, आणि त्या कंपाइल केलेल्या कंटेनरात ती अगदी सहज बसली.

वेळ बदलली म्हणून मुकाट चुका मात्र संपल्या नाहीत. त्यांनी फक्त जागा बदलली. क्वार्कसमध्ये एखाद्या जारची अनुक्रमणिका नसेल आणि सीडीआयची फाइलही नसेल तर त्या जारमधले खुणेचे क्लास सापडतच नाहीत. ती जार अनुक्रमणिकेत घ्या असं सेटिंगमध्ये सांगावं लागतं. त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे, ज्या बीनला कुणीच मागितलेलं दिसत नाही तो बीन क्वार्कस बिल्डमध्ये काढूनच टाकतं. हेतू चांगला आहे, प्रणाली हलकी व्हावी. पण खुणेवरून बीन धावत्या प्रोग्रॅममध्ये मागितले जात असतील तर बिल्डच्या वेळी ते कुणालाच नको आहेत असं दिसतं. लावलेली खूण, लिहिलेला क्लास, आणि तरी बीन गायब. '@अनरिमूव्हेबल' ही आणखी एक खूण लावली की तो परत येतो.

स्प्रिंगची अनुक्रमणिका या बाबतीत सगळ्यांत बोलकी आहे. सप्टेंबर २०१७ च्या ५.० आवृत्तीत चाळाचाळ वाचवण्यासाठी बिल्डमध्येच घटकांची सूची लिहून ठेवण्याची सोय आली. मेख अशी की क्लासपाथवर अशी एक जरी सूची सापडली तरी स्प्रिंग सूचीवरच भिस्त ठेवतं आणि चाळणं सोडून देतं. दहापैकी एका मॉड्यूलने हौसेने सूची बनवली की उरलेल्या नऊंमधले घटक अदृश्य होऊ शकतात. सूचीकडे दुर्लक्ष करा असं सांगणारं एक सेटिंग त्यासाठीच द्यावं लागलं. पुढे ६.१ मध्ये ही सोय कालबाह्य ठरवली गेली आणि बिल्डच्या वेळीच सगळे बीन ठरवणाऱ्या एओटी पद्धतीकडे बोट दाखवलं गेलं. ग्रालव्हीएमने थेट यंत्रभाषेत उतरवलेल्या प्रणालींना हीच पद्धत लागते, कारण तिथे बिल्डनंतर नवा क्लास येऊच शकत नाही. त्याची किंमतही आहे. 'वॉलेट चालू असेल तरच हा बीन' अशी अट बिल्डच्या क्षणी तपासली जाते, त्यामुळे नंतर सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

मग वॉलेटचं बटण हरवू नये म्हणून करायचं काय? जिथे हे नीट जमलं आहे तिथे तीन सवयी दिसतात. एक म्हणजे खूण आणि इंटरफेस एकमेकांना बांधून टाकणं. आर्कयुनिट या लायब्ररीत 'देयकमार्गाचा इंटरफेस पाळणाऱ्या प्रत्येक क्लासवर @देयकमार्ग असलीच पाहिजे' असा नियम एका चाचणीत दोन-तीन ओळींत लिहिता येतो. खूण राहून गेली की चाचणी पडते आणि क्लासच्या नावासकट पडते. कंपायलरला जे दिसत नाही ते इथे दिसतं. दुसरी सवय एकाच संकेताचे दोन क्लास आले तर तिथेच थांबण्याची. सापडलेले बीन साध्या लूपने मॅपमध्ये भरले तर नंतरचा आधीच्याला गुपचूप पुसून टाकतो. जावाच्या स्ट्रीमचं 'टूमॅप' वापरलं तर दुहेरी किल्लीवर ते लगेच अपवाद फेकतं. तिसरी सवय सर्व्हर सुरू होताच काय काय सापडलं याची एक ओळ लॉगमध्ये लिहिण्याची. संकेत, क्लास, संख्या. रात्री दोन वाजता फोन आलेल्या माणसाला एवढी एक ओळ पुरते.

दरम्यान बाइट वाचण्याच्या कामातही उलथापालथ झाली आहे. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये क्लास फाइल वाचण्या-लिहिण्याची अधिकृत सोय भाषेच्या संचातच आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेलं स्प्रिंग ७ जावा २४ किंवा पुढच्या आवृत्तीवर चालत असेल तर खुणा वाचायला एएसएमऐवजी तीच वापरतं. जावाची आवृत्ती आणि तिच्या फाइली वाचणारा वाचक आता एकाच घरातून येतात, त्यामुळे '६१' सारखे संदेश त्या बाजूने तरी येणार नाहीत. जावा २४ मध्येच क्लास आधी लोड करून, जोडून ठेवलेल्या अवस्थेतून प्रोग्रॅम सुरू करण्याची सोयही आहे. आदल्या सरावफेरीत जे क्लास लागले त्यांची नोंद ती वापरते. क्लासपाथ चाळणाऱ्या प्रणालीलाही त्यातून वेग मिळतो, आणि त्यासाठी कोडमधली एकही खूण बदलावी लागत नाही.